गॅल्व्हेस्टन १९०० : अडवलेल्या तारा आणि बुडालेले शहर

१/
८ सप्टेंबर १९००, शनिवार. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या श्रीमंत बंदरात सकाळपासूनच समुद्राचे पाणी रस्त्यांवर आले होते. मुलांना त्याची मोठी मौज वाटत होती. ती गुडघाभर पाण्यात खेळत होती. मोठी माणसे ट्राममध्ये बसून उंच लाटा पाहायला किनाऱ्यावर निघाली होती. दुकाने उघडी होती, कचेऱ्यांत नेहमीचे काम चालू होते. चोवीस तासांनंतर यांतली हजारो माणसे जिवंत नव्हती.

२/
मृतांची नेमकी संख्या कधीच कळली नाही. शहराची लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेनुसार ३७,७८९ होती. बळींचे अंदाज ६,००० पासून १२,००० पर्यंत जातात. बहुतेक इतिहासकार ८,००० हा आकडा धरतात. अमेरिकेच्या ज्ञात इतिहासात एवढे बळी घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही. वादळांना नावे देण्याची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून हे 'हरिकेन' आजही केवळ शहराच्या आणि वर्षाच्या नावाने ओळखले जाते.

३/
पण या कहाणीचा खरा गाभा बळींच्या संख्येत नाही. हे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्सासच्या दिशेने जाईल, असे सांगणारी माणसे होती. ती हवाना शहरात बसली होती, त्यांच्याजवळ तीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्यांचे म्हणणे बरोबर ठरले. मात्र वादळाच्या काही दिवस आधीच त्यांच्या हवामानविषयक तारांवर बंदी घालण्यात आली होती. ती बंदी वॉशिंग्टनने घातली होती.

४/
आधी शहर समजून घ्यावे लागेल. गॅल्व्हेस्टन म्हणजे मुख्य भूमीला समांतर पसरलेला वाळूचा एक लांबट, चिंचोळा पट्टा. एका बाजूला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या बाजूला गॅल्व्हेस्टनची खाडी. टेक्सासचा कापूस याच बंदरातून जगभर जाई. युरोपातून येणारे स्थलांतरित इथे उतरत. बँका, पेढ्या आणि व्यापारी कोठ्यांनी गजबजलेल्या 'स्ट्रँड' रस्त्याला नैर्ऋत्येची वॉल स्ट्रीट म्हणत. एवढ्या वैभवाच्या या शहरातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून होती अवघी ८.७ फूट.

५/
धोका अज्ञात होता, असेही नाही. याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियनोला नावाचे दुसरे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडले. लोकांनी ते पुन्हा उभारले. १८८६ च्या वादळाने ते असे उद्ध्वस्त केले की रहिवाशांनी ते गाव कायमचे सोडले. गॅल्व्हेस्टनचे व्यापारी त्या वेळी हादरले. समुद्राच्या बाजूने संरक्षक भिंत बांधण्याची चर्चा झाली, परवानगीही मिळाली. पुढे दोन-चार वर्षे शांततेत गेली आणि भिंतीचा खर्च कोणालाच परवडेनासा झाला.

६/
या निश्चिंतीला शास्त्राचा शिक्काही मिळाला. अमेरिकेच्या हवामान खात्याचे गॅल्व्हेस्टन येथील प्रमुख होते आयझॅक क्लाइन. १८९१ मध्ये त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात एक लेख लिहिला. टेक्सासला अशा वादळांची भीती फारशी नाही आणि वादळी लाटेने गॅल्व्हेस्टनचे मोठे नुकसान होईल ही कल्पनाच निराधार आहे, असा त्यांचा सूर होता. किनाऱ्याचा तळ उथळ असून उतार अतिशय मंद असल्यामुळे येणाऱ्या लाटांचा जोर वाटेतच मोडतो, हे त्यांच्या युक्तिवादाचे मूळ.

७/
नेमके इथेच शास्त्र उलटे होते. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालच्या थरातून परत फिरू शकते. तळ उथळ असेल तर त्याला परतायला जागाच राहत नाही. ते साचत जाते, चढत जाते आणि अखेर जमिनीवर येते. आज यालाच 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात. म्हणजे क्लाइन ज्या उथळपणाला शहराची ढाल समजत होते, तोच शहराचा सर्वांत मोठा शत्रू होता.

८/
हे ज्ञान त्या काळी जगात नव्हते काय? बंगालच्या उपसागराचा उथळ उत्तर किनारा पिढ्यान्‌पिढ्या हाच धडा देत होता. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या अधिकाऱ्याने १८४८ च्या आपल्या ग्रंथात तो रूढ केला. पुढे मातला नदीवर पोर्ट कॅनिंग हे नवे बंदर उभारण्याचे घाटत असता, वादळाच्या पाण्याने ते बुडेल असा इशारा त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांना लिहून दिला. बंदर तरीही झाले आणि १८६७ च्या वादळात मोडले. १८७६ मध्ये बाकरगंज भागात समुद्राच्या पाण्याने लाखोंच्या घरात बळी घेतले. क्लाइन यांचा लेख त्यानंतर पंधरा वर्षांनी आला.

९/
तथापि क्लाइन यांना मूर्ख ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. १८६१ मध्ये टेनेसी राज्यात जन्मलेला हा मनुष्य अत्यंत कष्टाळू आणि जिज्ञासू होता. त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि हवामानाचा आरोग्यावर काय परिणाम होतो याचा तो अभ्यास करी. त्याची चूक होती ती आपल्या संस्थेवरच्या अढळ विश्वासाची. ती संस्था कशी चालत होती, हे पाहण्यासाठी आता हवानाला जाणे भाग आहे.

१०/
हवानाच्या बेलेन महाविद्यालयात जेझुइट धर्मगुरूंची एक वेधशाळा होती. १८७० पासून फादर बेनितो विन्येस तिचे प्रमुख होते. उंचावरच्या पिसासारख्या ढगांची दिशा, समुद्राच्या लांब लाटा, बॅरोमीटरची चढउतार, आकाशाचा रंग अशा खुणा ते वर्षानुवर्षे टिपत राहिले. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी वादळ येण्यापूर्वीच त्याचे भाकीत वृत्तपत्रांत प्रसिद्ध केले आणि ते खरे ठरले. कॅरिबियनमध्ये त्यांचा शब्द नाखवे आणि व्यापारी सारखाच मानू लागले. १८९३ मध्ये ते वारले. पुढे फादर लोरेन्सो गांगोइते यांनी ती परंपरा चालवली.

११/
१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला. त्यापाठोपाठ अमेरिकी हवामान खात्याने तिथे आपली ठाणी उघडली. खात्याचे प्रमुख विलिस मूर यांना सर्व अंदाज आणि इशारे वॉशिंग्टनमधूनच जावेत असे वाटे. क्यूबातील अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मते स्थानिक निरीक्षक भावनाप्रधान, उगाच घबराट पसरवणारे होते. क्यूबातील तारयंत्रणा लष्कराच्या हाती होती. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस मूर यांच्या आग्रहावरून युद्धखात्याने क्यूबातील वेधशाळांच्या हवामानविषयक तारांवर बंदी घातली. ऐन वादळांच्या मोसमात!

१२/
त्याच सुमारास, २७ ऑगस्टला, अटलांटिक महासागरात दूरवर एका जहाजाला या वादळाची पहिली चाहूल लागली. ऑगस्टच्या शेवटी ते लीवर्ड बेटांपाशी आले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्यूबावरून गेले. तिथे त्याचे वारे फार भयंकर नव्हते, परंतु पाऊस प्रचंड पडला. सांतियागो दे क्यूबा येथे एका दिवसात बारा इंचांहून अधिक पावसाची नोंद झाली.

१३/
येथून दोन वेधशाळांची दोन भाकिते वेगळी झाली. वॉशिंग्टनच्या मते वादळ उत्तरेकडे वळणार, फ्लोरिडा ओलांडणार आणि अटलांटिक किनाऱ्याने ईशान्येकडे निघून जाणार. त्या किनाऱ्यावर इशारेही दिले गेले. गांगोइते यांचे निरीक्षण मात्र निराळे होते. त्यांच्या मते वादळ वळणार नव्हते. ते आखातात शिरून पश्चिमेकडे, टेक्सासच्या रोखाने जाणार होते आणि वाटेत बळावणार होते.

१४/
वॉशिंग्टनचे अनुमान पूर्णतः अतर्क्य नव्हते, हेही नोंदवायला हवे. अनेक वादळे त्या भागात खरोखरच ईशान्येकडे वळतात. या वेळी उत्तरेकडील हवेच्या उच्च दाबाने ती वाट अडवली होती. आखाताचे उन्हाळाभर तापलेले पाणी वादळाला मिळाले आणि त्याने उग्र रूप धारण केले. अंदाज चुकणे हा दोष क्षम्य मानता येतो. चूक दाखवून देऊ शकणारा एकमेव आवाज आधीच बंद करून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

१५/
आखातातल्या जहाजांनी कळवले नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. ५ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सहून निघालेली 'लुइझियाना' ही आगबोट दुसऱ्याच दिवशी या वादळात सापडली. तिच्या कप्तानाला वादळाचे सामर्थ्य पुरते कळले. पण तेव्हा जहाजांवर बिनतारी यंत्रे नव्हती. किनारा गाठेपर्यंत समुद्रावरची बातमी समुद्रावरच राहत असे.

१६/
शुक्रवार, ७ सप्टेंबर. वॉशिंग्टनहून आलेल्या आदेशानुसार गॅल्व्हेस्टनच्या हवामान कचेरीवर वादळाचा बावटा चढला : लाल निशाण, मध्ये काळा चौकोन. याचा अर्थ 'वादळ येत आहे' एवढाच होता. हरिकेनसाठी अशी दोन निशाणे एकावर एक लावावी लागत. ती लागली नाहीत. त्या दिवशी आकाश फारसे भीतिदायक नव्हते. बावटे शहराने यापूर्वीही पाहिले होते.

१७/
शनिवारी पहाटे क्लाइन आणि त्यांच्याच कचेरीत काम करणारे त्यांचे धाकटे बंधू जोसेफ समुद्रावर नजर ठेवून होते. त्यांना एक विपरीत गोष्ट दिसली. वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अशा वाऱ्याने किनाऱ्यावरचे पाणी मागे हटायला हवे. इथे वाऱ्याच्या विरुद्ध समुद्र चढत होता. लाटा लांब, मंद गतीच्या, जड. दूर कुठेतरी फार मोठी शक्ती पाणी ढकलत असल्याची ती खूण होती. क्लाइन यांनी तशी तार वॉशिंग्टनला केली. वाऱ्याच्या विरोधात इतके पाणी चढलेले त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

१८/
क्लाइन यांनी पुढे असे लिहिले की त्यानंतर आपण घोडागाडीतून किनाऱ्याने फिरलो, लोकांना उंच भागात जाण्यास सांगितले आणि त्यामुळे हजारो प्राण वाचले. हा प्रसंग अमेरिकेत दंतकथेसारखा सांगितला जातो. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे, कारण वादळातून वाचलेल्यांच्या आठवणींत या फेरीचा फारसा उल्लेख आढळत नाही. त्यांनी काही लोकांना सावध केले असेल, हे सहज शक्य आहे. पण शहर सोडून जाण्याची वेळ तोपर्यंत टळून गेली होती.

१९/
दुपारपर्यंत बेट दोन्ही बाजूंनी बुडू लागले. उत्तरेच्या वाऱ्याने खाडीचे पाणी शहरात लोटले. दक्षिणेकडून आखात चढत होते. मुख्य भूमीकडे जाणारे पूल पाण्याखाली गेले. बोमाँटहून आलेली एक आगगाडी समोरच्या बोलिव्हर टोकाशी थांबली. प्रवाशांना पलीकडे नेणारी बोट धक्क्याला लागू शकली नाही. गाडी मागे फिरू लागली आणि पाण्यात अडकली. सुमारे दहा प्रवासी उतरून पाण्यातून चालत बोलिव्हरच्या दीपगृहात पोहोचले. त्या दीपगृहाच्या गोल जिन्यावर सुमारे दोनशे माणसे रात्रभर एकमेकांना खेटून बसून राहिली आणि वाचली. गाडीत बसून राहिलेले सुमारे ८५ जण बुडाले.

२०/
सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास हवामान कचेरीच्या वायुवेगमापकाने ताशी १०० मैलांची नोंद केली आणि लगोलग ते यंत्रच उडून गेले. प्रत्यक्षात वाऱ्याचा वेग त्याहून कितीतरी अधिक झाला असावा. आजच्या मोजणीत हे वादळ चौथ्या श्रेणीचे धरले जाते. १८८५ च्या मोठ्या आगीनंतर शहरात लाकडी फळ्यांऐवजी स्लेटच्या पाट्यांची छपरे घालण्यात आली होती. आता त्या पाट्या सुटून हवेतून सुऱ्यांसारख्या येऊ लागल्या. आगीपासून वाचवण्यासाठी केलेली सोय वादळात जिवावर उठली.

२१/
साडेसातच्या सुमारास वारा फिरला आणि क्लाइन यांच्या डोळ्यांदेखत पाणी अवघ्या काही सेकंदांत चार फूट चढले. उसळी १५ फुटांच्या वर गेली. शहराची सर्वांत उंच जागा ८.७ फूट. उरलेली सगळी वजाबाकी माणसांच्या वाट्याला आली. क्लाइन यांचे घर मजबूत म्हणून तिथे सुमारे पन्नास शेजारी आसऱ्याला आले होते. ट्रामच्या रुळांचा एक लांबच लांब लाकडी सांगाडा पाण्याबरोबर येऊन त्या घरावर आदळला आणि घर कोसळले.

२२/
आयझॅक, जोसेफ आणि आयझॅक यांच्या तिन्ही मुली ढिगाऱ्यांवरून तरंगत रात्रभर कशाबशा तगल्या. पत्नी कोरा गेल्या. त्या गरोदर होत्या. काही आठवड्यांनी त्यांचा देह सापडला तो अवशेषांच्या त्याच राशीखाली, जिच्या आधाराने बाकीचे कुटुंब वाचले होते. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली. घरात जमलेल्या पन्नासांपैकी सुमारे अठरा माणसे उरली. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला लेख क्लाइन यांना त्या रात्री आठवला का, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही.

२३/
शहराबाहेर, किनाऱ्यालगत सेंट मेरीज अनाथाश्रम होता. दहा नन्स आणि नव्वदहून थोडी अधिक मुले तिथे होती. पाणी चढू लागले तशी नन्सनी मुलांना वरच्या मजल्यावर नेले, त्यांची भीती कमी व्हावी म्हणून त्यांच्याकडून समुद्रात सापडलेल्यांसाठीचे एक स्तोत्र गाऊन घेतले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने सहा-सहा, आठ-आठ मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. मुले हातातून निसटू नयेत, एवढाच हेतू. इमारत कोसळली. तीन मोठी मुलगे पाण्यात एका झाडाला धरून वाचले. नन्सचे देह नंतर सापडले ते तसेच, दोरीने मुलांशी बांधलेले.

२४/
त्या रात्री एक विचित्र गोष्टही घडली. समुद्रालगतची घरे मोडली, त्यांचे लाकूड लाटांनी पुढे ढकलले, त्याने पुढच्या रांगेतली घरे मोडली. असे करत करत मैलोगणती लांबीची, काही ठिकाणी दुमजली घराएवढी उंच अवशेषांची भिंत शहराच्या मध्यावर तयार झाली आणि तिने लाटा अडवल्या. मागचा भाग त्यामुळे वाचला. जी भिंत शहराने पैशाअभावी बांधली नाही, ती अखेर त्याच्याच घरांची आणि माणसांची झाली. सुमारे ३,६०० घरे नाहीशी झाली होती.

२५/
रविवारची सकाळ स्वच्छ आणि शांत होती. मुख्य भूमीला जोडणारा एकही पूल उरला नव्हता, एकही तार चालू नव्हती. एक छोटी बोट घेऊन काही माणसे खाडीपलीकडे गेली आणि मजल दरमजल करत ह्यूस्टनला पोहोचली. तिथून राज्यपाल आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना तारा गेल्या. तिकडून निघालेल्या मदतीच्या आगगाडीला किनाऱ्यापासून कित्येक मैल अलीकडेच थांबावे लागले. पुढे रूळ नव्हते. होती ती गवताळ माळावर विखुरलेली प्रेते आणि समुद्रापासून दूर जमिनीवर येऊन पडलेले एक मोठे जहाज.

२६/
यानंतरचा भाग अमेरिकेच्या लोकप्रिय इतिहासात बराच काळ हलक्या आवाजात सांगितला गेला. सप्टेंबरचे ऊन, हजारो प्रेते आणि पुरायला जागा नाही, कारण जमीन पाण्याने भरलेली. मग सुमारे ७०० देह एका पडावावर लादून समुद्रात सोडण्याचे ठरले. हे काम कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने करायला लावले. सहन व्हावे म्हणून त्यांना व्हिस्की पाजली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच देह लाटांबरोबर किनाऱ्यावर परत आले. शेवटी जागोजाग चिता पेटवाव्या लागल्या आणि त्या कित्येक आठवडे धुमसत राहिल्या.

२७/
त्याच वेळी उत्तरेकडील वृत्तपत्रे प्रेतांच्या बोटांतल्या अंगठ्या कापून नेणाऱ्या कृष्णवर्णीय लुटारूंच्या आणि त्यांना जागीच गोळ्या घातल्याच्या भडक कथा छापत होती. त्या कथा बेसुमार फुगवलेल्या होत्या. प्रेते उचलण्याचे सर्वांत घोर काम ज्यांनी केले, त्यांच्याच माथी हा कलंक लागला.

२८/
मदत मात्र देशभरातून आली. अमेरिकी रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. त्या स्वतः गॅल्व्हेस्टनला आल्या. आपत्तीच्या जागी जाऊन केलेले त्यांचे हे अखेरचे मोठे काम. बेघरांना घरे, अनाथांची व्यवस्था आणि मुख्य भूमीवरच्या बुडालेल्या शेतकऱ्यांना स्ट्रॉबेरीची रोपे असा त्या मदतीचा पल्ला होता. वादळ एव्हाना ग्रेट लेक्स ओलांडून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडे निघून गेले होते. जाता जाता तिथेही त्याने जहाजे बुडवली.

२९/
हवामान खात्याने स्वतःचा हिशेब कसा मांडला? मूर यांनी इशारे वेळेवर दिल्याचे जाहीर केले. क्लाइन यांच्या अधिकृत अहवालातही खात्याची बाजू सावरलेली आहे. हवानातील भाकितांची दखल घेण्याची कोणाला गरज वाटली नाही. क्यूबात मात्र संताप उसळला आणि तारांवरची बंदी पुढे मागे घ्यावी लागली. बंदी नसती तर गॅल्व्हेस्टन वाचले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. गांगोइते यांचा शब्द वॉशिंग्टनने मानला असता याची खात्री नाही, आणि मानला असता तरी ३७,००० लोक एका दिवसात बेट सोडून गेले असते काय, हाही प्रश्नच. पण शुक्रवारी एका बावट्याऐवजी दोन बावटे लागले असते आणि शनिवारी सकाळी पूल अजून शाबूत होते, एवढे तरी म्हणता येते.

३०/
वाचलेल्यांनी शहर सोडले नाही. तीन अभियंत्यांचे एक मंडळ नेमले गेले. त्यांतले हेन्री रॉबर्ट म्हणजे सभासंचालनाचे नियम सांगणाऱ्या प्रसिद्ध पुस्तकाचे कर्ते. ऑक्टोबर १९०२ ते जुलै १९०४ या काळात तीन मैलांहून लांब आणि १७ फूट उंच काँक्रीटची समुद्रभिंत उभी राहिली. पण केवळ भिंतीने भागणार नव्हते, म्हणून त्यांनी एक अचाट काम हाती घेतले : सगळे शहरच उचलायचे!

३१/
१९०३ पासून १९११ पर्यंत हे काम चालले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅकच्या स्क्रूंवर इंचाइंचाने वर उचलल्या गेल्या आणि त्यांच्याखाली समुद्रतळातून उपसलेली ओली वाळू नळांनी भरण्यात आली. सेंट पॅट्रिक हे सुमारे ३,००० टन वजनाचे चर्च ७०० जॅकांनी पाच फूट उचलले. पाण्याचे नळ, गॅसच्या वाहिन्या, ट्रामचे रूळ, सगळेच वर घ्यावे लागले. लोक वर्षानुवर्षे चिखलावर टाकलेल्या उंच फळ्यांच्या वाटांवरून ये-जा करत. जुनी झाडे खारट गाळात मेली. आपापले घर उचलण्याचा खर्च मात्र घरमालकानेच करायचा होता.

३२/
ऑगस्ट १९१५ मध्ये जवळपास तशाच ताकदीचे दुसरे वादळ आले. भिंत टिकली. आसपासच्या उघड्या भागांत पुष्कळ माणसे दगावली, पण भिंतीमागच्या शहरात १९०० ची पुनरावृत्ती झाली नाही.

३३/
तरीही गॅल्व्हेस्टनला जुने वैभव परत मिळाले नाही. जानेवारी १९०१ मध्ये बोमाँटजवळ स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला. १९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत खोल जलमार्ग खुला झाला आणि व्यापाराला समुद्रापासून आत, सुरक्षित बंदर मिळाले. पुनर्बांधणीसाठी गॅल्व्हेस्टनने नगरपालिकेची जुनी रचना मोडून मोजक्या आयुक्तांच्या हाती कारभार दिला होता. ती पद्धत अमेरिकेतील कित्येक शहरांनी उचलली. कार्यक्षमतेसाठी तिची वाखाणणी झाली. प्रभागवार निवडणूक गेल्यामुळे कृष्णवर्णीय आणि कामगार वस्त्यांचा आवाज त्यात क्षीण झाला, ही बाजू त्या स्तुतीत सहसा येत नसे.

३४/
आयझॅक क्लाइन यांची बदली १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झाली. तिथे त्यांनी उरलेली कारकीर्द एका प्रश्नावर खर्च केली : वादळ किनाऱ्याकडे येत असताना समुद्राचे पाणी कुठे, केव्हा आणि किती चढते? आखाताच्या किनाऱ्यावरील भरतीच्या नोंदी गोळा करून त्यांनी दाखवले की वादळाच्या पुढच्या उजव्या अंगाला पाणी सर्वाधिक चढते आणि त्या चढावरून वादळाच्या केंद्राचा रोख ताडता येतो. १९२६ मध्ये त्यांनी चक्रीवादळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये आत्मचरित्र लिहिले. १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले.